चार सांडश्यांची तोंडं

उत्तरेश्वर अण्णा अपसिंगेकरांना फाटक हवं होतं. साधं फाटक उमरग्यात कुणीही करून दिलं असतं. अण्णांना हवं होतं लोखंडी वेलीचं. दोन्ही झडपांवर वेल चढत गेलेली, वेलीला पानं, पानांना शिरा, आणि वर मधोमध दोन्ही वेलींची टोकं वळून त्यांची वेटोळी झालेली. असं एक फाटक त्यांनी निजामाच्या काळात हैदराबादेत एका हवेलीसमोर उभं राहून पाऊण तास बघितलं होतं. पहारेकऱ्याने हाकलेपर्यंत बघितलं होतं, असं त्यांच्या पत्नी विमलताई सांगायच्या. पण त्या तेव्हा तिथं नव्हत्या, तेव्हा त्यांची साक्ष आपण सोडून देऊ.

फाटक व्हायला हवं होतं ज्येष्ठ शुद्ध दशमीच्या आत. त्या दिवशी नव्या घराची वास्तुशांत होती आणि आदल्या दिवशी सोलापूरहून भाऊ येणार होते. भाऊ म्हणजे अण्णांचे थोरले बंधू. बंद पडलेलं घड्याळ उघडून चालतं करायचं, झोपाळ्याच्या कड्या स्वतः बसवायच्या, हातपंपाची गळती थांबवायची, असा माणूस. धाकट्या भावाबद्दल त्यांचं एकच मत होतं आणि ते त्यांनी अण्णांच्या मुंजीपासून आजतागायत बदललं नव्हतं: "उत्तरेश्वराच्या हाताला काही येत नाही." ते रागाने म्हणत नसत. हवापाणी सांगावं तसं सांगत.

आणि खरं सांगायचं तर भाऊंचं खोटं नव्हतं. सव्वीस वर्षं अण्णा एका सरकारी कचेरीत कारकून होते. कोणत्या ते सांगून उपयोग नाही, सगळ्या कचेऱ्यांतली फडताळं सारखीच असतात. आधी निजामाच्या राज्यात उर्दूतून आणि मग मुंबई राज्यात मराठीतून त्यांनी हजारो कागद लिहिले, आणि त्यातला एकही त्यांचा नव्हता. सगळे 'हुकुमावरून' होते. ज्यावर हात ठेवून 'हे मी केलं' म्हणावं अशी एकही वस्तू त्यांच्या घरात नव्हती. पन्नाशीच्या उंबरठ्यावर माणसाला हे अचानक टोचायला लागतं. अण्णांनी पोस्टकार्ड टाकलं: "फाटक मी स्वतः करीत आहे. सर्व क्षेम." कार्ड गेलं आणि परतीची वाट बंद झाली.

लोखंड तेव्हा परमिटवर मिळायचं, आणि परमिट अण्णांच्याच कचेरीतून. अण्णांनी दसऱ्याला अर्ज केला. अर्जाचा नमुना जुना, म्हणजे उर्दू होता. नवे साहेब मुंबईकडचे, त्यांना उर्दू येईना. त्यांनी शेरा मारला, "भाषांतर करून सादर करावे." भाषांतराचं टेबल अण्णांचंच होतं. अण्णांनी स्वतःच्या अर्जाचं सुवाच्य भाषांतर केलं. मग साहेबांनी लिहिलं, "अर्जदारास खरोखर गरज आहे काय? संबंधित कारकुनाने अभिप्राय द्यावा." संबंधित कारकूनही अण्णाच. आता सरळ माणसाने स्वतःबद्दल स्वतः अभिप्राय कसा द्यावा? अण्णा दोन आठवडे विचारात पडले. शेवटी नियमाप्रमाणे त्यांनी लिहिलं, "अर्जदाराने समक्ष हजर राहून खुलासा करावा," आणि तशी नोटीस पोस्टाने घरी धाडली. नोटीस विमलताईंनी सही करून घेतली. नेमल्या तारखेला अण्णा अर्ध्या दिवसाची रजा टाकून, कोट घालून, स्वतःच्या टेबलासमोर हजर झाले. पण संबंधित कारकून त्या दिवशी रजेवर होता.

असं होत होत परमिट हातात पडलं ते वैशाखात. दहा-दहा फुटांच्या सहा सळया आणि थोडा पत्रा. लाकडी चौकट सुताराने केव्हाच करून दिली होती. ती भिंतीला टेकून उन्हात वाळत, थोडी वाकडी होत, वाट बघत होती.

गल्लीने मात्र एवढा वेळ थांबायचं कारण नव्हतं. सल्ले दसऱ्यापासूनच चालू होते. कुणी म्हणालं, फळीचं फाटक करा आणि त्यावर रंगाने वेल काढा. कुणी म्हणालं, लोखंड पावसात गंजतं, सिमेंटचं करा. समोरचे किराणा दुकानदार शरणप्पा फार प्रेमळ माणूस होते. ते म्हणाले, "अण्णा, खरीच वेल लावा की हो. दोडक्याची लावा. फाटकाला फाटक, भाजीला भाजी."

अण्णांनी छत्री उघडली आणि कचेरीची वाट धरली. हैदराबादचं फाटक न बघितलेल्या माणसाशी काय बोलायचं?

दगडोबा लोहाराची भट्टी हमरस्त्याला, एस.टी. थांबायची त्या कडुलिंबाखाली होती. दगडोबा नांगराचे फाळ, कुऱ्हाडी, विळे, गाडीच्या चाकाच्या लोखंडी धावा करायचा. त्याची बायको धुरपदाबाई भाता ओढायची आणि वेळ पडली तर घणही घालायची. अण्णांनी कागदावर काढलेली वेल दाखवली तेव्हा दगडोबाने ती उलटी धरून बराच वेळ बघितली आणि म्हणाला, "लई झ्याक." दगडोबा कचेरीतल्या माणसाच्या प्रत्येक बोलण्याला 'लई झ्याक' म्हणत असे, हे अण्णांना पुढे कळलं. तोवर उशीर झाला होता.

पहिलं पान बिघडलं. पत्र्याचं पान कापून, तापवून, शिरा उठवून दगडोबाने ते सांडशीत धरून वळवलं, तर सांडशीच्या चपट्या दाबाने त्याच्या शिरा पुन्हा बसल्या. दुसरं पान मधोमध चेपलं. गोल सळईचं वेटोळं करायला गेलं तर सळई सांडशीत गरगर फिरायची. अण्णा भट्टीसमोरच्या दगडावर बसून हे बघत होते. संध्याकाळी त्यांनी निष्कर्ष काढला: दोष दगडोबाचा नाही, सांडशीचा आहे. ही तोंडं फाळ धरायला केलेली. त्यांनी पान धरावं ही अपेक्षाच चूक. तोंड बदललं पाहिजे. निष्कर्ष बरोबर होता, हे इथं अण्णांच्या बाजूने नमूद करून ठेवलं पाहिजे. पुढे जे झालं ते निष्कर्षामुळे झालं नाही, उत्साहामुळे झालं.

आधी प्रयोग करावा म्हणून त्यांनी घरातली सांडशी घेतली. कानशीने तिच्या तोंडाचे दाते घासून आतून गुळगुळीत गोलाई दिली. पत्र्याचं पान तिच्यात धरून पाहिलं. एक ओरखडा नाही! अण्णांनी ती आनंदाने पुन्हा चुलीशी ठेवली, आणि हे कुणाला सांगायचं राहून गेलं. विमलताईंनी त्याच सांडशीने आमटीचं पातेलं उचललं. पातेलं चुलीवरून हातभर उचललं गेलं, तिथं ते शांतपणे आडवं झालं, आणि आमटीने चूल विझवली.

"अहो," विमलताई म्हणाल्या. एवढंच. पण त्या 'अहो'मध्ये बावीस वर्षांचा संसार होता. त्या दिवशी जेवायला ताक-भाकरी होती आणि त्यानंतर पातेली फडक्याने उतरू लागली.

शरणप्पांची पक्कड ही सुधारलेली दुसरी वस्तू. ही पक्कड म्हणजे गल्लीचं वैभव होतं. निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर लष्कराच्या सामानाचा लिलाव झाला त्यात शरणप्पांनी ती घेतली होती आणि तेव्हापासून गल्लीतला प्रत्येक खिळा, तार आणि रुतलेलं बूच तिनेच काढलं होतं. अण्णांनी ती मागितली, शरणप्पांनी हसत दिली. अण्णांनी पानाचं टोक नाजूकपणे वळवता यावं म्हणून तिचे दात घासून काढले आणि चोच निमुळती केली. परत केली तेव्हा शरणप्पांनी ती उघडली, मिटली, आत बोट फिरवून बघितलं.

"अय्यय्यो अण्णा," ते खालच्या आवाजात म्हणाले, "हिचे दात कुठं गेले हो?"

"आता ती पान धरते," अण्णांनी समजावलं.

"पान मी हातानं धरतो की. चुना लावून." शरणप्पा एवढंच म्हणाले आणि पक्कड आत घेऊन गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून ते अण्णांना गूळ देताना वर बघत नसत, आणि हे अण्णांना फार लागलं.

तरी अण्णा थांबले नाहीत, कारण दिवस भराभर सरत होते. दगडोबाचं रोजचं काम अडू नये याची त्यांना मनापासून काळजी होती. म्हणूनच त्यांनी अमावस्या निवडली. अमावस्येला दगडोबा भट्टी पेटवत नसे. त्याच्या बापाने पेटवली नव्हती, आज्याने पेटवली नव्हती. त्या वर्षी वैशाखातली अमावस्या नेमकी रविवारी आली. लोहाराला सुट्टी, कारकुनालाही सुट्टी. असा योग पुन्हा कुठला? शनिवारी संध्याकाळी अण्णा भट्टीवर गेले.

"दगडोबा, तुझ्या सांडश्या उद्याच्या दिवस नेतो. तोंडं सुधारून परवा सकाळी आणून देतो. तुझं काही अडायचं नाही."

"लई झ्याक," दगडोबा म्हणाला.

धुरपदाबाई निखारे विझवत होती. ती मान वर न करता म्हणाली, "एक न्या, अण्णासायेब. बाकीच्या ऱ्हाऊ द्या हितंच."

अण्णा हसले. एकेक नेली तर चार अमावस्या लागतील आणि दशमी तर अकरा दिवसांवर आलेली. बायकांना हिशेब कुठला कळायला, असं त्यांच्या मनात आलं. त्या क्षणी सगळ्या उमरग्यात हिशेब कळणारी ती एकटीच होती. अण्णांनी चारही सांडश्या पोत्यात घातल्या. दगडोबाने पोत्याकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं, आणि लिंबाकडे बघत राहिला. कचेरीच्या माणसाला नाही म्हणायचं कसं, हे त्याच्या सात पिढ्यांत कुणी त्याला शिकवलं नव्हतं.

रविवारी सकाळपासून दिवस मावळेपर्यंत अण्णा हमरस्त्यावरच्या ट्रकवाल्यांच्या गॅरेजात धार लावायच्या दगडी चाकाशी बसले. एका सांडशीच्या तोंडात त्यांनी सळईसाठी खाच पाडली. दुसरीची पक्ष्यासारखी निमुळती चोच केली. तिसरीचं तोंड आतून वाटीसारखं कोरलं. चौथीचं तोंड घासून पातळ केलं, पानाचा देठ धरायला. दोन्ही तळहातांना फोड आले. घरी येऊन ते भिंतीला टेकून बसले आणि फोडांकडे बघत राहिले. इतकं दमून इतकं बरं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

सोमवारी सकाळी ते पोतं घेऊन भट्टीवर गेले तर लिंबाखाली वीसेक शेतकरी बसलेले. मृग तीन आठवड्यांवर आला होता. अमावस्या सरली की फाळ, कुळवाची पास, तिफणीचे फण घेऊन माणसं लोहाराकडे येतात, ती तशीच आली होती. ही गोष्ट त्या तालुक्यातल्या बैलांनासुद्धा ठाऊक होती. अण्णांचा जन्म त्याच तालुक्यातला, पण कचेरीत मृग येत नाही, मार्चअखेर येते.

सगळ्यांत पुढे बलभीम होता, खणखणीत आवाजाचा, साठ एकरांचा धनी. त्याचा फाळ भट्टीत लाल झाला. दगडोबाने पहिली सांडशी घातली. फाळ खाचेत बसेना, घसरला. चोचीची घातली; फाळ गरकन फिरला. वाटीची घातली, तिने फाळ धरलाच नाही. चौथीने धरला, उचलला, ऐरणीपर्यंत आणला, आणि तिचं पातळ तोंड वाकून लालभडक फाळ बलभीमाच्या पायापाशी पडला. बलभीम त्याच्या वयाला न शोभेल एवढा उंच उडाला.

"आरं दगडोबा, ह्या सांडश्या हायत का बगळं हायत रं?"

दगडोबाने वाकलेली सांडशी ऐरणीवर ठेवली. वीस माणसं हळूहळू अण्णांकडे बघू लागली. अण्णांनी घसा साफ केला. "नवी करावी लागेल, दगडोबा. काय असेल ते मी बघतो. कर नवी."

दगडोबा त्या दिवशी पहिल्यांदा 'लई झ्याक' म्हणाला नाही. "सांडशी कराया सांडशी लागती, अण्णासायेब," तो म्हणाला. "तापल्यालं लोखंड धरू कशानं?"

हे अण्णांना पटायला थोडा वेळ लागला. मग ते छत्री सावरत गल्लीत धावले. घरची सांडशी, तिच्यातून पातेलंसुद्धा निसटत होतं. शरणप्पांची पक्कड, तिला दात नव्हते. गल्लीतली धरण्याच्या उपयोगाची प्रत्येक वस्तू अण्णांच्या हातून सुधारून गेली होती. दुपारच्या एस.टी.ने ते शेजारच्या लोहारा गावी गेले. तिथल्या लोहाराने त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या दारातली रांग दाखवली. "ह्या दिवसांत सांडशी मागाय आलाव, सायेब? पाव्हणं हायसा म्हणून पाणी देतो. पाणी प्या आन् जावा."

संध्याकाळी अण्णा मोकळ्या हाताने परत आले तेव्हा बलभीम सगळ्यांच्या वतीने बोलायला उभा होता. "दगडोबा, तुझा बाप आमच्या बापाचं काम करायचा. म्हणून सांगतो. उद्या दुपारपतोर भट्टी चालली न्हाय तर आमी लोहाऱ्याला जाणार. आन् जो फाळ पाजवील त्येलाच सुगीचं बलुतं. मग आमाला बोल लावू नगंस."

सुगीचं बलुतं म्हणजे दगडोबाच्या घरची वर्षाची ज्वारी. अण्णांना हे ठाऊक होतं. बलुत्यांच्या कितीतरी तक्रारी त्यांच्या अक्षरात फडताळात पडल्या होत्या. पण कागदावरचं बलुतं आणि समोर खाली मान घालून बसलेला दगडोबा यांत फरक होता. अण्णांना शरम वाटली. कोट काढून कुठंतरी टाकावा आणि तसंच चालत सुटावं असं वाटलं.

धुरपदाबाई मग बोलली. कुणाकडे न बघता बोलली. "सळई लांब असली म्हंजी सांडशी लागत न्हाय. थंड टोक हातात धरता येतंय."

उमरग्यात तेव्हा परमिटाशिवाय लोखंड नव्हतं, आणि दहा-दहा फुटांच्या सहा सळया लिंबाला टेकून उभ्या होत्या. धुरपदाबाईने तिकडे बघितलंसुद्धा नाही. दगडोबाने मागितल्या नाहीत. तो मेला असता तरी त्याने मागितल्या नसत्या. अण्णा त्या सळयांकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांसमोर त्या सळयांना पानं होती, शिरा होत्या, वर वेटोळी होती. दसऱ्यापासून सात-आठ महिने ते त्या फाटकातून रोज आत-बाहेर करत होते. त्यांना फार वाईट वाटलं. एका फाटकासाठी इतकं वाईट वाटून घेऊ नये, हे कळत असूनही वाटलं.

"घे," ते म्हणाले. "सगळ्या घे."

मंगळवारी उजाडताच काम सुरू झालं. दगडोबाने सळईचं थंड टोक हातात धरलं आणि धुरपदाबाईने घण उचलला. त्यामुळे भाता ओढायला माणूस उरला नाही. रांगेतल्या माणसांनी इकडे तिकडे बघितलं. अण्णांनी कोट काढून लिंबाच्या फांदीला अडकवला, धोतर खोचलं आणि भात्याची दोरी धरली. कचेरीत 'घरगुती अडचण' म्हणून रजेचा अर्ज गेला. तो कुणाच्या टेबलावर अभिप्रायासाठी पडला असेल, ते सांगायला नको.

दुपारच्या आत पहिली सांडशी झाली. बलभीमाचा फाळ पाजवून झाला आणि रांग हलली. त्या सांडशीने दुसरी झाली, दुसरीने तिसरी. प्रत्येक सांडशीबरोबर वेलीचा एकेक तुकडा जात होता; उरलेल्या सळया फणांच्या दुरुस्तीत गेल्या. अण्णा रोज सकाळी येत, अंधार पडायच्या आत घरी जात, आणि विमलताई काही न विचारता त्यांच्या हाताला तेल लावत. आपण आता भाऊंना काय सांगणार, याचा विचार त्यांनी दोन दिवस केला. तिसऱ्या दिवशी त्यांना विचार करण्याएवढाही दम उरला नाही.

चौथी सांडशी करायची वेळ आली तेव्हा दगडोबाने हातोडा त्यांच्यापुढे धरला. "तुमी करा, अण्णासायेब." अण्णांनी आधी नाही म्हटलं, मग केली. दोन दिवस लागले. एक दांडा बोटभर आखूड झाला आणि तोंड थोडं तिरपं आलं. अण्णांनी ती परत तापवायला घेतली तर दगडोबाने हात धरला. "ऱ्हाऊ द्या. धरती की." मग त्याने तीच सांडशी घेतली आणि पुढचा फाळ तिच्यानेच ऐरणीवर आणला. ती खरोखरच धरत होती. तिरप्या तोंडामुळे तिच्यात फाळाचं टोक उलट बरं बसे, आणि दोन दिवसांत दगडोबाचा हात आधी तिच्याकडेच जाऊ लागला.

नवमीला दुपारी सोलापूरची एस.टी. लिंबापाशी थांबली आणि भाऊ उतरले. पांढरं स्वच्छ उपरणं, हातात पिशवी. दोन पावलं गेले आणि थांबले. भात्याशी कोळशाने काळा झालेला, अंगात नुसती बंडी असलेला माणूस आपला भाऊ आहे, हे पटायला त्यांना वेळ लागला.

"उत्तरेश्वर?"

अण्णांनी दोरी सोडली नाही. "या भाऊ. प्रवास बरा झाला?"

"फाटक कुठंय?"

"झालं नाही."

"थोडंसुद्धा नाही?"

"नाही."

आता ते वाक्य येणार, हे अण्णांना ठाऊक होतं. त्यांनी खांदे थोडे उचलून घेतले. पण दगडोबाने फाळ भट्टीत सारला, रिकामी सांडशी भाऊंपुढे केली आणि म्हणाला, "ही अण्णासायबांनी घडीवली. त्यांच्या हातानं."

भाऊंनी पिशवी खाली ठेवली. चष्मा पुसून लावला. बिघडलेलं घड्याळ बघावं तशी त्यांनी ती सांडशी उलटसुलट बघितली. आखूड दांड्यावरून बोट फिरवलं. तिरप्या तोंडाशी थांबले. उघडली, मिटली. पुन्हा उघडली. अण्णा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि भाता मात्र सवयीने ओढत होते, जरा जास्तच जोराने. भाऊंनी मान वर केली आणि बोलायला तोंड उघडलं.

"ओ पाव्हणं!" रांगेतून कुणीतरी ओरडलं. "सांडशी सोडा की! तिकडं माझा फाळ जळाया लागलाय!"

भट्टीत फाळ पांढरा पडून ठिणग्या उडवत होता, आणि फाळ काढायला दगडोबाला आता तीच सांडशी लागत होती. अण्णांनी डाव्या हाताने भाऊंच्या हातातून सांडशी ओढून घेतली. थोरल्या भावाच्या हातून त्यांनी आजवर न विचारता काही घेतलं नव्हतं. त्यांनी ती दगडोबाकडे दिली, दगडोबाने फाळ उचलून ऐरणीवर ठेवला आणि धुरपदाबाईचा घण पडला. भाऊ काहीतरी बोलले, पण घणाच्या आवाजात ते अण्णांना ऐकू आलं नाही, आणि परत विचारायला त्यांना सवड नव्हती.